बुद्धी वंशातून येते की वळणातून? (शाळा, अंगणवाडी आणि घर यांना धरून चर्चा)

खडूफळा
पालकसभेत, पारावर, लग्नाच्या मांडवात एक वाक्य हमखास कानी पडते : "त्या घरात डोकंच नाही, पोरगं काय शिकन." त्याच गावात दुसरे वाक्यही असते : "चांगली शिकवणी लावा, पोरगा नवोदयला लागलाच म्हणून समजा." पहिल्या वाक्याने शिक्षक मुलावरचे लक्ष काढून घेतो. दुसऱ्याने बाप कर्ज काढतो, आणि नंबर लागला नाही की मुलाला आळशी ठरवतो. दोन्हीकडून भोगते ते मूल.

म्हणून हा धागा. जाणकारांनी तीन गोष्टींवर लिहावे. "बुद्धी ५० टक्के आनुवंशिक असते" म्हणजे नेमके काय? बुद्धिमापन चाचणीच्या आकड्यावर किती विसंबावे? आणि आपल्याकडच्या खेड्यात, मूल पोटात असल्यापासून पहिलीत येईपर्यंत, कोणती कामे केली तर खरोखर फरक पडतो? आकडे, माप, पद्धत द्या. जातीवरून टोमणे नकोत. प्रश्न अभ्यासाचा असेल तर जरूर विचारा.

जुळ्यांचं_गणित
पहिल्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीचा गोंधळ तिथूनच निघतो.

एकसारखी जुळी (एकाच फलित बीजापासून झालेली) जवळजवळ शंभर टक्के जनुके वाटून घेतात. वेगळी जुळी सख्ख्या भावंडांसारखी, म्हणजे सरासरी निम्मी. घर दोघांचे एकच. १९८१ साली बूशार्ड आणि मॅक्‌ग्यू यांनी १११ अभ्यास एकत्र मांडले. एकत्र वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांच्या बुद्ध्यंकांतला सहसंबंध (० म्हणजे काहीच मेळ नाही, १ म्हणजे पूर्ण मेळ) ०.८६ आला, वेगळ्या जुळ्यांचा ०.६०.

आता साधे गणित. दोघांतला फरक ०.२६. तो निम्म्याच जनुकांच्या फरकातून आलेला, म्हणून त्याची दुप्पट, ०.५२. हा झाला आनुवंशिकतेचा अंदाज. ०.८६ मधून ०.५२ वजा केले की ०.३४ उरतात, तो सामायिक घराचा वाटा. एकातून ०.८६ वजा केले की ०.१४. यात प्रत्येकाला वेगळे लाभलेले अनुभव आणि चाचणीतली चूक दोन्ही येतात.

हे ५२ टक्के एका मुलाच्या डोक्यातले नाहीत. गणपतच्या बुद्धीचा अर्धा भाग आईबापाकडून आला आणि अर्धा शाळेतून, असा त्याचा अर्थ मुळीच होत नाही. त्या लोकसमूहात, त्या काळात, माणसामाणसांत जो फरक दिसला, त्यातला एवढा हिस्सा जनुकांतल्या फरकाशी जुळतो, इतकेच तो आकडा सांगतो. समूह बदलला, परिस्थिती बदलली की आकडाही बदलतो.

वयानुसारही तो बदलतो. २०१० मध्ये चार देशांतल्या सुमारे ११ हजार जुळ्यांच्या जोड्यांवर काम झाले. ९ व्या वर्षी ४१ टक्के, १२ व्या वर्षी ५५, १७ व्या वर्षी ६६. मूल मोठे होते तसे आपली पुस्तके, मित्र, छंद स्वतः निवडू लागते. कल जनुकांतून येतो, त्या कलाप्रमाणे वातावरण निवडले जाते आणि वातावरण पुन्हा कल वाढवते. अर्थात निवडायला काही असले पाहिजे. गावात वाचनालयच नसेल तर वाचनाचा कल कुठे जाणार?

वाणसंशोधक
वरच्या प्रतिसादाला शेतीतून जोड देतो, कारण ही कल्पना आमच्या विषयात रोजच्या वापरातली आहे.

डेन्मार्कच्या योहानसेनने १९०३ मध्ये घेवड्याच्या शुद्ध वंशावळींवर प्रयोग केले. एकाच शुद्ध वाणातले (म्हणजे जनुके सारखीच असलेले) लहान आणि मोठे दाणे वेगवेगळे पेरले, तरी पुढच्या पिढीत दाण्याची सरासरी सारखीच आली. म्हणजे त्या वाणाच्या आतला सगळा फरक जमीन-पाण्याचा. मिश्र बियाण्यात मात्र मोठे दाणे निवडले की पुढची पिढी मोठी येते.

आता हेच उलटे करा. मिश्र बियाण्याची एक पिशवी घ्या. मूठभर भारी काळ्या जमिनीत पेरा, पाणी आणि खत बरोबर द्या. दुसरी मूठ बरड मुरमाड तुकड्यात टाका. प्रत्येक तुकड्याच्या आत झाडाझाडांत जो फरक दिसेल तो जवळजवळ पूर्ण बियाण्याचा, कारण तुकड्यातल्या सगळ्या झाडांना जमीन सारखी. पण दोन तुकड्यांच्या सरासरीतला फरक? तो पूर्ण जमिनीचा. आतली आनुवंशिकता ९० टक्के असली तरी बाहेरच्या फरकाबद्दल ती एक अक्षर सांगत नाही. १९७० साली आनुवंशशास्त्रज्ञ रिचर्ड लेवोन्टिनने बुद्ध्यंकाच्या वादात हाच दाखला दिला होता. ज्याला ही एक गोष्ट कळली त्याला "अमुक समाजाची पोरं मागं, म्हणजे रक्तच तसं" या तर्कातली खोट लगेच दिसेल.

ठाम_मत
सगळे वातावरणाच्या बाजूने लिहून राहिले, म्हणून दुसरी बाजू नीट मांडतो. वेगळ्या घरांत वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांचा मिनेसोटाचा अभ्यास १९९० मध्ये आला. बुद्ध्यंकातल्या फरकाचा सुमारे ७० टक्के हिस्सा जनुकांशी जोडला गेला. रक्ताचे नाते नसलेली पण एका घरात वाढलेली दत्तक भावंडे लहानपणी थोडी सारखी असतात, मोठेपणी ते साम्य जवळपास संपते. अशाच वेगळ्या वाढलेल्या जुळ्यांसाठी ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ सिरिल बर्टने दिलेला ०.७७१ हा सहसंबंधाचा आकडा संशयास्पद होता, जोड्यांची संख्या वाढत गेली तरी तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत तोच राहिला. हे १९७४ मध्ये लिओन केमिनने दाखवले. पण बर्ट पूर्ण वगळला तरी निष्कर्ष बदलत नाही. जनुकांचा वाटा खरा आहे. तो नाकारून मुलांचे भले होणार नाही. एकाच घरातल्या दोन भावांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, त्यासाठी आईला दोष देणे अन्याय आहे.

जुळ्यांचं_गणित
@ठाम_मत, शेवटचे वाक्य शंभर टक्के मान्य. जनुकांचा वाटा इथे कुणी नाकारत नाही.

पण दत्तक घेणारी घरे बघा. संस्था चौकशी करून मूल देते, म्हणजे अतिगरीब घरे आधीच गळतात. घराघरांत फरक कमी असेल तर घराचा परिणामही कमीच दिसणार. म्हणून सहसंबंधाऐवजी सरासरी बघावी. फ्रान्समध्ये ४ ते ६ वर्षांच्या, हेळसांड झालेल्या, ८६ च्या खाली बुद्ध्यंक असलेल्या मुलांचा मागोवा घेतला (१९९९ चा अभ्यास). किशोरवयात पुन्हा चाचणी केली. साध्या कामगार घरात गेलेल्यांचे सरासरी ८ गुण वाढले, सुस्थितीतल्या घरात गेलेल्यांचे १९.५. स्वीडनमध्ये सख्ख्या भावांच्या ४३६ कुटुंबांत एक भाऊ दत्तक गेला, एक घरी राहिला. दत्तक गेलेल्याचा बुद्ध्यंक सरासरी ४.४ गुणांनी जास्त निघाला (२०१५). रक्त तेच, घर वेगळे.

आणि आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा अभ्यास टर्कहायमरचा, २००३. अमेरिकेतल्या ७ वर्षांच्या जुळ्यांत, गरिबीच्या काठावरच्या घरांत बुद्ध्यंकातला जवळपास ६० टक्के फरक सामायिक घराशी जोडला गेला, जनुकांचा वाटा शून्याजवळ. सुखवस्तू घरांत उलट. पुढे पश्चिम युरोप आणि ऑस्ट्रेलियात हा नमुना दिसला नाही. तिथे आरोग्यसेवा आणि शाळा सगळ्यांना बऱ्यापैकी सारख्या मिळतात, हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते. आपले खेडे या दोन टोकांपैकी कोणत्या बाजूला आहे ते ज्याने त्याने ठरवावे. माझ्या मते अमेरिकेतल्या गरीब घरांपेक्षाही पुढच्या टोकाला.

काळी_माती
भाऊ, मग आता ते जनुकं तपासून गुण सांगते म्हणते, थुंकी पाठवा अन् पोराची बुद्धी सांगतो, त्याच्यात दम आहे का?

जुळ्यांचं_गणित
नाही. २०१८ मध्ये ११ लाख लोकांची जनुके तपासली, शिक्षणाच्या वर्षांशी संबंधित १,२७१ जागा सापडल्या. सगळ्यांची बेरीज करूनही शिक्षणातला ११ ते १३ टक्के फरकच सांगता आला. तोही युरोपीय वंशाच्या लोकांत. इतर वंशांच्या लोकांत तीच बेरीज खूपच कमकुवत पडते. एका मुलाबद्दल भाकीत करायला ती कामाची नाही. बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगणारे तालुक्याच्या गावी मेळावे घेतात, त्याला तर शास्त्राचा काहीच आधार नाही. पैसे देऊ नका.

मानसचाचणी
दुसऱ्या प्रश्नावर. आपल्याकडे जिल्हा रुग्णालयात किंवा खासगीत मुलांसाठी बहुधा बिने-कामत किंवा मलिन यांची चाचणी वापरतात. मलिन यांनी ती आपल्या नागपुरातच, भारतीय मुलांसाठी तयार केली. चाचण्या चांगल्या, पण प्रमाणके (ज्या मुलांच्या गुणांशी तुलना करून आकडा काढतात ते गुण) जुनी. बुद्ध्यंकाची सरासरी अनेक देशांत दर दशकाला सुमारे ३ गुणांनी वाढत गेली, हे जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात दाखवले. जुन्या प्रमाणकांशी तुलना केली की आजच्या मुलाचा आकडा फुगतो. आणि तीसचाळीस वर्षांत जनुके बदलत नाहीत, म्हणजे ही वाढ आहार, शाळा, लहान कुटुंब, आरोग्य यांतूनच आली.

कुठे चुकते ते सांगते.

भाषा. धारणी-चिखलदऱ्यातले कोरकू मूल, झरी-जामणीतले कोलाम मूल, भामरागडचे माडिया मूल यांना मराठीत शब्दार्थ आणि सामान्यज्ञान विचारले तर जे मोजले जाते ते मराठी असते. अशा वेळी ठोकळे, आकृत्या, चक्रव्यूह यांचे कृती-गुण वेगळे लिहून घ्या. भाषिक आणि कृती गुणांत १५ किंवा जास्त फरक असेल तर एकत्रित आकडा अहवालात ठळक देऊ नये.

कान आणि डोळे. कान फुटून वाहणारे मूल "लक्ष देत नाही" असे दिसते. चाचणीआधी दोन्ही तपासून घ्या, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते तेव्हा नाव नोंदवा.

सराव. नवोदयच्या प्रवेश परीक्षेत ८० पैकी ४० प्रश्न मानसिक क्षमतेचे, १०० पैकी ५० गुणांचे. आकृत्यांचे तेच ते प्रकार येतात, सरावाने गुण वाढतात. नंबर लागला म्हणजे जन्मजात हुशार, राहिला म्हणजे मठ्ठ, हे दोन्ही अंदाज चूक.

७० च्या खालचा आकडा एकटा पुरत नाही. कपडे घालणे, पैसे ओळखणे, एकट्याने दुकानात जाणे अशी रोजची कौशल्ये तपासल्याशिवाय बौद्धिक अक्षमतेचे निदान होत नाही. शाळेने परस्पर शिक्का मारू नये.

बालरोग_चंद्रपूर
तिसरा प्रश्न. मेंदूला इजा करणाऱ्या आणि टाळता येण्याजोग्या गोष्टींवर आधी बोलू. शिकवणी त्यानंतर.

जन्माचा पहिला मिनिट. बाळ रडले नाही तर कोरडे करणे, पाठ चोळणे, गरज पडल्यास पिशवी-मास्कने श्वास देणे मिनिटाच्या आत सुरू झाले पाहिजे. ऑक्सिजन कमी पडून झालेली इजा पुढे कोणत्याही शाळेने भरून निघत नाही. घरातल्या नवजात बाळाची काळजी गावातलीच प्रशिक्षित बाई घेऊ शकते, हे डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या गडचिरोलीतल्या कामाने १९९९ मध्ये जगाला दाखवले. आज आशाताईंच्या घरभेटी त्यावरच उभ्या आहेत. त्या भेटी चुकवू नका. बाळ पिवळे पडून तळपायापर्यंत पिवळेपणा आला, दूध ओढत नसेल, तर उन्हात ठेवत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना.

आयोडीन. गरोदर बाईला रोज २५० मायक्रोग्रॅम लागते. घरापर्यंत पोचलेल्या मिठात किमान १५ पीपीएम (किलोला १५ मिग्रॅ) हवे, म्हणजे ५ ग्रॅम मिठातून ७५ मायक्रोग्रॅम. मीठ उघड्या बरणीत चुलीजवळ ठेवले की आयोडीन उडते. सुटे खडेमीठ स्वयंपाकाला वापरू नका. झाकणाचा डबा, चुलीपासून लांब, आणि मीठ भाजी उतरवताना. आयोडीनची तीव्र कमतरता असलेल्या आणि नसलेल्या भागांतल्या मुलांत बुद्ध्यंकाच्या सरासरी १३.५ गुणांचा फरक एका एकत्रित विश्लेषणात (१९९४) दिसला. इतक्या स्वस्तात इतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही.

लोह. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-५ नुसार देशातल्या ६ ते ५९ महिन्यांच्या ६७ टक्के मुलांत रक्त कमी. डोस : ६ ते ५९ महिने, आठवड्यातून दोनदा १ मिली सिरप. ५ ते ९ वर्षे, आठवड्याला एक गुलाबी गोळी. १० ते १९, आठवड्याला एक निळी. गरोदरपणात चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस. गोळी चहासोबत दिली की वाया जाते, कारण चहातले टॅनिन लोह धरून ठेवते. लिंबूपाण्यासोबत द्या, जेवणानंतर तासाभराने. शौचाला काळे होते म्हणून घरचे बंद करतात, ते आधीच सांगून ठेवा. बाळपणी दीर्घकाळ लोह कमी राहिले तर नंतर गोळ्या देऊनही पूर्ण भरपाई होत नाही, म्हणून पहिली दोन वर्षे निसटू देऊ नयेत. जंताची गोळी (अल्बेंडाझोल) वर्षातून दोनदा : १ ते २ वर्षे अर्धी म्हणजे २०० मिग्रॅ, त्यावर ४००. लहान मुलाला चुरून पाण्यासोबत.

सिकलसेल. आपल्या पूर्व विदर्भात हा विषय सोडून बुद्धीची चर्चा होऊच शकत नाही. रक्ताचा हा आजार पूर्ण आनुवंशिक. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता २५ टक्के. पण मेंदूवरचा परिणाम बराच टाळता येतो. परदेशातल्या पाहणीत या आजाराच्या एक तृतीयांशाहून जास्त मुलांत १८ वर्षांपर्यंत मेंदूत लहान 'मूक' झटके येऊन गेलेले दिसले. वरून काही कळत नाही, गणितात मागे पडणे एवढेच दिसते. भरपूर पाणी, ताप आला की त्वरित उपचार, डॉक्टरांच्या सल्ल्याने हायड्रॉक्सीयुरिया हे औषध, शाळेतला खाडा भरून काढणे. वारंवार रक्त चढवलेल्या मुलाला लोहाची गोळी विचारल्याशिवाय देऊ नका. वाहक असलेल्या मुलाच्या बुद्धीला धोका नसतो, हे शिक्षकांनी लक्षात ठेवावे.

विहीर_आणि_बोअर
पाण्याचे राहिले. यवतमाळच्या पांढरकवडा, झरी भागात आणि चंद्रपूर, नागपूरच्या काही पट्ट्यांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. मानक लिटरला १ मिग्रॅ, दुसरे पाणी नसेल तर १.५ पर्यंत. दात पिवळे-तपकिरी होणे आणि हाडे वाकणे सगळ्यांना माहीत आहे. २०२४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने लिहिले की १.५ च्या वर फ्लोराइड आणि मुलांचा कमी बुद्ध्यंक यांचा संबंध मध्यम खात्रीने दिसतो. त्याखालच्या पातळीबद्दल तसा निष्कर्ष काढलेला नाही.

ग्रामपंचायतीकडे जलजीवन मिशनचा क्षेत्रीय तपासणी संच असतो आणि गावातल्या प्रशिक्षित महिला असतात, त्यांच्याकडून प्रत्येक बोअर तपासून घ्या. शेजारच्या दोन बोअरमध्येही फरक निघतो. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट दाट होते. नागपूरच्या नीरी संस्थेने तुरटी आणि चुना वापरून नलगोंडा पद्धत काढली, पण तिचे प्रमाण पाण्याच्या क्षारतेप्रमाणे ठरवावे लागते. अंदाजाने तुरटी टाकली तर पाण्यात अॅल्युमिनियम उरते. उघड्या विहिरीचे पाणी तपासून घेऊन पिण्यापुरते वेगळे ठेवणे हा बहुधा सर्वांत सोपा मार्ग.

फवारणीबद्दलही. क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाचा गर्भातला संपर्क आणि सातव्या वर्षीचा कमी बुद्ध्यंक यांचा संबंध न्यूयॉर्कच्या अभ्यासात (२०११) दिसला. कपाशीवर फवारायला पाणी भरून देणे, औषध कालवणे हे काम आपल्याकडे बाया करतात. गरोदर बाईला त्यातून पूर्ण बाजूला ठेवा, फवारणीचे कपडे तिला धुवायला देऊ नका, आणि औषधाच्या रिकाम्या डब्यात पाणी कधीच भरू नका.

पर्यवेक्षिका_मेळघाट
डॉक्टर साहेबांच्या पुढे लिहिते. इजा टळली तरी मेंदूला वापर हवा.

जमैकाचा अभ्यास इथे सर्वांनी माहीत करून घ्यावा. ९ ते २४ महिन्यांची, खुंटलेल्या वाढीची मुले. आठवड्यातून एकदा, तासभर, दोन वर्षे, स्थानिक आरोग्य सेविका घरी जाऊन आईला खेळ दाखवत होती. वीस वर्षांनी त्यांची कमाई बाकी गटापेक्षा २५ टक्के जास्त होती. नुसता आहार दिलेल्या गटात एवढा टिकाऊ फरक राहिला नाही.

घरभेटीत काय करायचे? आधी आई काय करते ते पाच मिनिटे बघायचे आणि त्यातले चांगले बोलून दाखवायचे. मग मागच्या वेळचा एक खेळ, एक नवा खेळ, शेवटी एक गाणे. खेळणे आठवडाभर तिथेच ठेवायचे, पुढच्या वेळी बदलायचे. बाटली आणि झाकणे (आत टाकणे, बाहेर काढणे), चिंध्यांचा चेंडू, घासून गुळगुळीत केलेले लाकडी ठोकळे, धांड्याची गाडी, जुन्या कॅलेंडरची चित्रे पुठ्ठ्यावर चिकटवून केलेले पुस्तक. तीन वर्षांखालच्या मुलाला साडेतीन सेंटीमीटरपेक्षा लहान वस्तू द्यायची नाही, घशात अडकते. सीताफळाच्या बिया, चिंचोके मोजायला मोठ्या मुलांनाच.

कुठे फसते : सेविका स्वतःच मुलाशी खेळून निघून येते आणि आई बघत राहते. खेळ आईच्या हातून झाला पाहिजे. आईला वेळ नाही ही तक्रार खरी आहे, सोयाबीन काढणीत तर नाहीच. म्हणून वेगळा वेळ मागू नका. अंघोळ, भाजी निवडणे, वाट चालणे यातच बोलायचे. "हे काय? पिवळं की हिरवं? मोठं कोणतं?" मूल जे बघते त्याचे नाव घ्यायचे आणि त्याच्या उत्तराची पाच सेकंद वाट पाहायची. कोरकू घरात हे कोरकूतच. मराठीसाठी घरची भाषा बंद करायला सांगणे ही मोठी चूक. भाषा पक्की असलेले मूल दुसरी भाषा लवकर उचलते.

आणि दंडघेर. ११.५ सेंटीमीटरच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ मध्यम. अशा मुलाला आधी ग्राम बाल विकास केंद्र आणि गरज पडल्यास रुग्णालय. खेळ तिथेही चालू ठेवायचा, कुपोषित मूल स्वतःहून मागत नाही म्हणून त्याच्याशी कमी बोलले जाते.

काळी_माती
ताई, पोरगं सहा वर्षांचं झालं, आता या सगळ्याचा काय उपयोग? गाडी सुटली का?

खडूफळा
नाही सुटली, भाऊ. २०१८ मध्ये सहा लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली. शाळेच्या प्रत्येक जादा वर्षाने बुद्ध्यंक १ ते ५ गुणांनी वाढतो, आणि तो परिणाम म्हातारपणापर्यंत दिसतो. म्हणून दिवाळीनंतर ऊसतोडीला, वीटभट्टीला जाणाऱ्या घरांतले मूल आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात ठेवणे हे कोणत्याही शिकवणीपेक्षा मोठे काम. हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीने स्थलांतर सुरू व्हायच्या आधीच मुख्याध्यापकांमार्फत पाठवावा. कुटुंबे निघून गेल्यावर यादी करून उपयोग होत नाही.

मानसचाचणी
काळी_माती दादा, एक जोडते. पहिली-दुसरीत मूल मागे वाटले तर या क्रमाने जा : कान, डोळे, रक्त (हिमोग्लोबिन आणि सिकलसेल), थायरॉइड, झोप (या वयाला ९ ते १२ तास), हजेरी, घरची भाषा. हे सगळे पाहून झाल्यावर बुद्धिमापन. अक्षरे उलटी लिहिते, वाचन अडते पण तोंडी हिशेब चोख, असे असेल तर वाचन-अक्षमतेची तपासणी वेगळी मागा. ते प्रमाणपत्र सातआठ वर्षांच्या आत सहसा देत नाहीत, पण मदत आजपासून सुरू करता येते : रोज पंधरा मिनिटे, एका वेळी दोनच नवी अक्षरे, बोटाने रेतीत गिरवून, आवाजासकट.